बाण वर आहे, घर घेऊन टाका

घर घ्यायचं ठरलंय ना? मग घर बघायला जाऊ नका. तक्ता मागवा.

सोलापुरात फ्लॅट विकायची पद्धत बदलली आहे. पूर्वी साईटवर गेलं की माणूस बोअरला पाणी किती फुटांवर लागलं ते सांगायचा आणि खिडक्यांच्या काचा सरकवून दाखवायचा. आता तो खुर्ची देतो, चहा मागवतो आणि मोबाइलवर रंगीत तक्ता उघडतो. 'महाराष्ट्रातील शहरे : घरांच्या किमतीतील संभाव्य वाढ.' परवा हाच तक्ता माझ्या फोनवर तीनदा आदळला. मुंबईपुढे आकडा होता, पुण्यापुढे होता, नाशिक-नागपूरपुढे होता. सोलापूरपुढे नुसता हिरवा बाण, वर तोंड करून उभा. किती टक्के, असं विचारलं तर उत्तर आलं, "साहेब, बाण केवढा मोठा काढलाय बघा की!"

तेव्हा बाणाच्या भरवशावर घर घेणाऱ्यांसाठी या काही सूचना.

पहिली सूचना. तक्ता कुठून आला ते विचारू नका. विचारलंत तर पंचाईत होईल, कारण घरांच्या किमती मोजायचं काम कोण करतं हे बघावं लागेल. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा 'रेसिडेक्स' नावाचा निर्देशांक आहे, देशातल्या ५० शहरांचा. त्यात मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, वसई-विरार, पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक आणि नागपूर आहे. चाकणसुद्धा आहे. सोलापूर नाही. म्हणजे आपल्या शहरात गेल्या वर्षी घरं किती महागली हे त्या यादीत कुणी मोजलेलंच नाही, पण पुढच्या पाच वर्षांत किती महागणार हे होटगी रोडवरच्या पत्र्याच्या साईट ऑफिसात पक्कं ठाऊक आहे. ज्याचा ताप कधी थर्मामीटरने पाहिला नाही, त्याचा पुढच्या दिवाळीतला ताप सांगणारा वैद्य मिळाला तर सोडायचा नसतो.

दुसरी. विकासाची नावं पाठ करा. विमानतळ, वंदे भारत, स्मार्ट सिटी, सुरत-चेन्नई महामार्ग. एवढी चार नावं एका दमात घेता आली की प्रत्येक नावामागे चौरस फुटाला पन्नास-शंभर रुपये जास्त द्यायला मन तयार होतं. स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आपण जानेवारी २०१६ लाच होतो, त्याबद्दल आणखी काय बोलायचं? वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ पासून आहे. ती सकाळी सोलापुरातून माणसं भरून पुण्या-मुंबईकडे नेते. भाव वाढायला माणसं इकडे यावी लागतात की तिकडे जावी लागतात, असले बारकावे विचारायचे नाहीत.

विमानतळाचं मात्र नीट समजून घ्या. नवा विमानतळ बोरामणीला होणार म्हणून ज्यांनी त्या बाजूला माळरान घेतलं, त्यांनीही बाणच बघितला होता. त्या जागेच्या आड आलेल्या माळढोक पक्ष्याला तक्ता दाखवायचं कुणाला सुचलं नाही. शेवटी १५ जून २०२३ ला विमानांना अडथळा ठरलेली साखर कारखान्याची चिमणी पाडली आणि ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान उडालं ते होटगी रोडवरच्या जुन्या विमानतळावरूनच. आता तिथल्या प्रत्येक गुंठ्याला 'एअरपोर्ट टच' म्हणतात. विमानतळाच्या आसपास इमारत किती उंच न्यायची याला विमानतळ प्राधिकरणाची ना-हरकत लागते. त्यामुळे सात मजल्यांचं चित्र दाखवून विकलेली इमारत मंजुरीत किती मजल्यांची आहे, हे न बघता वरच्या मजल्यावरचा फ्लॅट बुक करावा. हवा छान येते.

तिसरी. पाण्याचं आज विचारू नका, चार दिवसांनी नळाला पाणी आलं की विचारा.

चौथी सूचना रेडीरेकनरची, म्हणजे सरकारी बाजारमूल्य दरांची. तक्त्यावर शंका घेणाऱ्याला गप्प करायला हे हुकमी पान आहे. साईटवरचा माणूस आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "शासनच सांगतंय. सोलापूर दहा टक्के. महाराष्ट्रात एक नंबर." आणि हे खोटं नाही. १ एप्रिल २०२५ पासून जे नवे बाजारमूल्य दर लागू झाले, त्यात राज्याची सरासरी वाढ ३.८९ टक्के होती. मुंबई ३.३९, पुणे ४.१६, नाशिक ७.३१, ठाणे ७.७२. आणि सोलापूर महापालिका क्षेत्र १०.१७. सगळ्या महापालिकांत पहिला नंबर. मुंबईच्या तिप्पट! पेढे वाटा.

पेढे वाटून झाले की हिशोब करू. रेडीरेकनर हा घराचा विक्रीभाव नसतो. सरकार तुमच्याकडून मुद्रांक शुल्क कमीत कमी किती रकमेवर घेणार, तो हा दर. दस्तातली किंमत आणि रेडीरेकनरची किंमत यांत जी जास्त, तिच्यावर शुल्क. सोलापुरात ते ६ टक्के, खरेदी बाईच्या नावावर असेल तर ५. (मेट्रोचा एक टक्का आपल्याला नाही, मेट्रो नसल्याचा हा एक फायदा तरी पदरात पडला.) समजा एका फ्लॅटची रेडीरेकनर किंमत ३० लाख होती आणि बाजारात तो तेवढ्यालाच जात होता. दर १०.१७ टक्क्यांनी चढले की कागदावरची किंमत झाली ३३,०५,१००. गिऱ्हाईक अजून ३० लाखच देतंय, कारण त्याचा पगार काही एप्रिलात १०.१७ टक्क्यांनी वाढला नाही. पण मुद्रांक शुल्क ३३,०५,१०० वर. १,९८,३०६ रुपये. म्हणजे १८,३०६ जास्त. नोंदणी फीचे ३०,००० वेगळे, ती तेवढ्यावर थांबते हे नशीब.

इथे संपत नाही. आयकर खातं म्हणतं, रेडीरेकनरपेक्षा कमी किमतीत घर घेतलंत तर फरक हे तुमचं उत्पन्न. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक ते सोडून देतात. ३० लाखांवर दहा टक्के म्हणजे ३३ लाख. आपली कागदी किंमत ३३,०५,१००. पाच हजार शंभर रुपयांनी उडी चुकली! आणि उडी चुकली की फक्त वरचे ५,१०० धरत नाहीत, सगळा ३,०५,१०० चा फरक घेणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवतात. विकणाऱ्याच्या भांडवली नफ्यातही तीच वाढीव किंमत धरतात. म्हणजे खिशात न आलेल्या पैशावर दोघांनी कर भरायचा, नाहीतर मूल्यांकन अधिकाऱ्यापुढे भांडत बसायचं. आणि हा वाढलेला बोजा साईटवर 'तुमच्या घराची वाढलेली किंमत' म्हणून विकतात! कर वाढला की श्रीमंत झालो म्हणणारे जगाच्या पाठीवर आपणच असू. ज्या शहरात गल्लीगणिक एक बंगला असा आहे की आई-वडील जुळे सोलापुरात आणि पोरगं हिंजवडीत, दोन खोल्या उघड्या आणि वरचा मजला कुलपात, तिथे मुंबईच्या तिप्पट वाढ कुणाच्या मागणीवर झाली? शहराची हद्दवाढ १९९२ ला झाली. त्या भागातले रस्ते आणि ड्रेनेज अजून आपण मोजतोय आणि दर मात्र चढतात. असो. उपरोध लिहायला बसलोय.

तर शांतपणे पुढची सूचना. 'दहा वर्षांत डबल' ऐकलं की गणित करू नका. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साधारण ७.२ टक्के. २५ लाखांच्या फ्लॅटला २० लाख कर्ज काढलं, ८.५ टक्क्यांनी २० वर्षं, तर हप्ता १७,३५६ रुपये आणि एकूण परतफेड जवळपास ४१ लाख ६५ हजार. 'हप्ता भाडेकरूच भरेल' असं सांगतात. भाडं समजा ७,००० आलं, तर वर्षाचे ८४,००० होतात. २५ लाखांवर ३.३६ टक्के. त्यातून मेंटेनन्स, महापालिकेचा कर आणि भाडेकरू बदलताना रिकामा गेलेला महिना वजा करा. उरलेल्या रकमेतून हप्ता भरणारा भाडेकरू सापडला तर त्याला सोडू नका, जावई करून घ्या.

बँक मुद्रांक शुल्काला कर्ज देईल असं धरून चला. देत नाही, ते दीड-दोन लाख रोख उभे करावे लागतात, पण ते दस्ताच्या आदल्या दिवशी कळलेलं बरं.

क्षेत्रफळ सुपर बिल्टअपमध्येच विचारा. 'हजार फूट' ऐकायला भारदस्त वाटतं. कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, मोजायला टेप लावला तर सातशेच्या आसपास येतं, मग जिना, लिफ्ट, पॅसेज आणि वॉचमनची खोली यांचं आपण चौरस फुटाला किती मोजलं हे कळून जेवण जात नाही. रेडीरेकनर चौरस मीटरमध्ये असतो. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. हा भागाकार न करता दोन आकडे शेजारी ठेवले की फ्लॅट फारच स्वस्त वाटतो.

इमारत जुनी होते हेही विसरा. रेडीरेकनरच्याच सूचनांमध्ये इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा दिलेला आहे. भाव चढतो तो जमिनीचा. दहा गुंठ्यांत, म्हणजे १०,८९० चौरस फुटांत, तीस फ्लॅट बसवले की तुमच्या वाट्याला जमीन येते ३६३ फूट, तीही अविभक्त.

प्लॉट घेणार असाल तर पाचशेच्या बाँडवर घ्या. नोटरीचा लाल शिक्का असतो, दिसायला फार छान. सातबाऱ्यावर दहा जणांची नावं सामाईक, कोणता तुकडा कुणाचा ते फक्त चुन्याच्या रेघांना माहीत आणि चुना पहिल्या पावसात जातो. 'इतर हक्क' या रकान्याकडे बघू नका. तिथे नवीन शर्त, कुळ, बोजा असलं काहीबाही लिहिलेलं असतं. 'एनए होतंय' म्हणाले तर 'होतंय' या शब्दावर विश्वास ठेवा. बिनशेती आदेशाची तारीख आणि मंजूर फायनल लेआउट मागणारी माणसं संशयी असतात. गुंठेवारी कायद्याखाली नियमित होईल म्हणतात, तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना होती, हे त्यांना सांगून त्यांचा उत्साह मोडू नका.

आणि बुकिंगचे पैसे? आजच द्या. सोमवारी रेट वाढणार आहे. दर सोमवारी वाढणार असतो.

पुरे झालं आता. अहो, एवढी शिकलेली माणसं तुम्ही! शेंगा चटणी घेताना नई जिंदगीच्या दुकानातून आणायची की बाळीवेशीतून यावर तासभर वाद घालता, चादरीचा पन्हा दोन्ही हातांनी ताणून बघता, आणि पंचवीस लाख एका हिरव्या बाणावर टाकून मोकळे होता? कशाला? 'सगळे घेतायत' म्हणून? सगळे कुठे घेतायत हे तुम्ही बघितलंय?

बघायला काही लागत नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मोफत ई-शोध आहे. वर्ष निवडा, जिल्हा सोलापूर, तालुका, गाव, मग मिळकतीचा किंवा सर्व्हेचा क्रमांक. सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, उघडेल. त्यात 'मोबदला' वेगळा लिहिलेला असतो, 'बाजारभाव' वेगळा, क्षेत्रफळ आणि दस्ताची तारीखही असते. त्याच इमारतीतले किंवा शेजारच्या इमारतीतले गेल्या तीन वर्षांतले दहा दस्त काढा. मोबदल्याला क्षेत्रफळाने भागा, तारखेप्रमाणे एकाखाली एक लिहा. कागदावर दाखवलेली रक्कम पूर्ण खरी नसेल, मान्य, पण बाणापेक्षा खरी आहे. आणि बघा त्यात पुनर्विक्री किती आहे. सगळे दस्त बिल्डर ते पहिला गिऱ्हाईक असेच असतील, तर उद्या तुमचा फ्लॅट घेणारा दुसरा गिऱ्हाईक कुठून येणार, याचं उत्तर आधी शोधा.

साईट ऑफिसातल्या मंडळींनाही सांगतो. तुम्ही कष्टाने इमारती बांधता, त्यातल्या कितीतरी चांगल्याही आहेत. मग घर विका ना! उन्हाळ्यात भिंत तापते का, बोअर एप्रिलात चालतं का, पूर्णत्वाचा दाखला कधी मिळणार, हे सांगा. निवृत्तीचे पैसे हातात घेऊन आलेल्या शिक्षकाला भविष्य कसलं विकताय?

आणि तो तक्ता पुन्हा कुणी पाठवला तर त्यावर महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड आहे का बघा. प्रकल्पाच्या जाहिरातीवर तो लागतोच. नसेल तर पाठवणाऱ्याला एवढंच म्हणा, 'हा तक्ता कंपनीच्या ईमेलवरून पाठवा आणि करारनाम्याला जोडा.' जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे दिले तर रेरा कायद्याच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते, हे त्यालाही माहीत असतं. करारनामा नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर एक रुपया द्यायचा नाही, तोही चेकने.

आज रात्री जेवण झालं की ई-शोध उघडा. पहिल्यांदा टाकलेला कॅप्चा ते घेत नाही, दुसरा दाखवतं. दुसरा टाका.