फुजी राहिला ना तुमचा!

दुसऱ्याच्या टाइप केलेल्या कागदावर न विचारता बॉलपेन चालवणाऱ्या माणसाला नेमकी काय शिक्षा द्यावी, यावर मी परवापासून विचार करतेय. अजून मनासारखी सुचलेली नाही. विसा सेंटरमध्ये शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या एका काकांनी माझ्या जपानच्या शेड्यूलवर निळ्या शाईने 'फुजी', म्हणजे तिकडचा तो प्रसिद्ध डोंगर, असं लिहिलं, बाण काढला, वर दोन रेघा ओढल्या, आणि काउंटरवरच्या मुलीने तो कागद दोन बोटांत धरून सांगितलं, मॅडम, हॅन्डरिटन करेक्शन चालत नाही, नवीन प्रिंट आणा. प्रिंट तिथेच मिळते. एका पानाचे जे पैसे घेतले त्यात आमच्या कॉर्नरच्या झेरॉक्सवाल्याने अख्खी पोथी काढून दिली असती.

तर झालंय असं की मी आणि माझी लेक, दोघीच, भाऊबीज झाली की जपानला निघतोय. आठवडाभरच. लेक चौथीत आहे आणि तिला ट्रेनचं वेड आहे, साधं नाही, इंजिनाच्या नाकाच्या आकारावरून मॉडेल सांगणारं. नवऱ्याला सुट्टी नाही. संपली प्रस्तावना.

दिवाळीच का, तर दुसरं काही उरलंच नाही म्हणून. साकुरा, म्हणजे तिकडची चेरी, फुलतो मार्चच्या शेवटी, एप्रिलच्या सुरुवातीला, म्हणजे बरोब्बर आपल्याकडे वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असताना. परीक्षा संपून श्वास घ्यावा तर २९ एप्रिलपासून ५ मेपर्यंत त्यांचा गोल्डन वीक, म्हणजे सुट्ट्यांचा आठवडा, सगळा जपान घराबाहेर पडलेला आणि हॉटेलचे दर बघून आपण घरातच बसलेलं बरं असं वाटणारा. जूनमध्ये त्यांच्याकडेही पाऊस. शिवाय आपली शाळा सुरू. नोव्हेंबर राहिला. हे सगळं मी सासूबाईंना कॅलेंडर समोर ठेवून समजावलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे दिवाळीत घर बंद?" घर बंद नाहीये हो, तुमचा मुलगा आहे ना घरात! पण मुलगा एकटा घरात असला तर ते घर बंदच धरतात आमच्याकडे.

आता जपानच्या विसाची गंमत अशी की आपल्याला ई-विसा मिळतो, पासपोर्टवर स्टिकर नाही, तिकडे उतरल्यावर फोनमध्ये दाखवायचा, तोही इंटरनेट लावून, स्क्रीनशॉट चालत नाही. एवढं सगळं डिजिटल. पण अर्ज मात्र छापून, फोटो चिकटवून, फाईल करून सेंटरवर नेऊन द्यायचा. आणि त्यात एक दिवसवार शेड्यूल लागतं. कुठल्या तारखेला कुठे, काय करणार, कुठे राहणार. मंगळवारी आपण काय करणार हे मला पुण्यात सोमवारी रात्रीसुद्धा सांगता येत नाही, पण जपानसाठी मी सांगितलं, नीट तक्ता करून, एका पानात बसवून.

आणि तेच पान मांडीवर घेऊन बसले होते मी.

काका पासष्टीचे असतील. पायात स्पोर्ट्स शूज, गळ्यात पाउच, पाउचमध्ये दुसरं पाउच. स्वतःचं काम काहीच नव्हतं त्यांचं, भाच्याला सोबत म्हणून आले होते. भाचा चाळिशीचा. त्यांनी आधी माझ्या पानाकडे तिरकं बघितलं, मग सरळ, मग चष्मा बदलून, आणि मग "बघू" म्हणून घेतलंच हातात. 'बघू का' नव्हे. बघू.

"टोकियो, क्योटो, ओसाका." मोठ्याने वाचलं. "आणि?"

म्हटलं, एवढंच.

"एवढंच? एवढ्या दिवसांत तीन?" मग मागच्या रांगेतल्या भाच्याला, "अरे ऐकलंस का, तीनच करतायत या!" भाच्याने मोबाईलमधून मान वर काढली नाही, त्याला सवय असणार. पण अलीकडच्या-पलीकडच्या चारपाच जणांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे मी काहीतरी अर्धवट टाकून चाललेय असं.

मग काकांची टूर सुरू झाली. ते ग्रुपने गेले होते, बसने. चाळीस जण. पहाटे उठायचं, बॅगा दाराबाहेर, नाश्ता, बस, उतरा, फोटो, बस. संध्याकाळी बस बरोब्बर इंडियन हॉटेलच्या दारात, आत दाल तडका तयार. "जपानमध्ये आहोत असं वाटलंच नाही कुठे!" हे त्यांनी कौतुकाने सांगितलं.

"बुलेट ट्रेनचा पास काढा तुम्ही. सात दिवसांचा. डोळे झाकून."

इथे मला राहवलं नाही, कारण या पासवर माझ्या कित्येक रात्री गेल्यात. तो सात दिवसांचा जेआर, म्हणजे जपान रेल्वेचा, पास पूर्वी २९,६५० येनला होता, ऑक्टोबर २०२३ पासून ५०,००० झाला. टोकियो ते क्योटो साधं तिकीट साधारण १४ हजार, येताना ओसाकाहून जरा जास्त, म्हणजे जाऊन-येऊन तिसाच्या आत, आणि सहा ते अकरा वर्षांच्या पोरांना तसंही अर्धं तिकीट. पास काढणं म्हणजे वीसेक हजार येन हवेत सोडणं, येनचे साधारण ५५-६० पैसे धरा आणि करा हिशोब. हे मी अगदी शांतपणे सांगितलं, मला वाटलं आता तरी पान परत मिळेल.

काका म्हणाले, "ते मला माहीत नाही, आम्ही बसने होतो."

बुलेट ट्रेनमध्ये बसले होते म्हणे, एकदा, अनुभवापुरतं. कंपनीने एका स्टेशनवर चढवून पुढच्याला उतरवलं. "काय सांगू, सीटवर टेकलो न टेकलो तर उतरा!" मग एकदम आठवल्यासारखं, "पण काय घाई आहे? आपल्याकडे येतेच आहे की. बीकेसी ते अहमदाबाद. थांबा जरा." मी म्हटलं, काका, २०१७ साली भूमिपूजन झालंय तिचं, लेकीचं लग्न होईल तोवर. त्यावर लेक म्हणाली, "मी लग्न नाही करणारे, मी ट्रेन ड्रायव्हर होणारे." काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी हळुवार आवाजात विचारलं, "मुलगी असून ट्रेन?"

हे असं विचारणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं याची मला रात्री दोन वाजता फार छान छान उत्तरं सुचतात. त्यावेळी मी फक्त "हो" म्हटलं.

तेवढ्यात त्यांचं बोट चौथ्या दिवसावर पोचलं होतं. चौथा दिवस म्हणजे लेकीचा दिवस. तिथे मी प्रामाणिकपणे क्योटो रेल्वे म्युझियम आणि पुढे 'ट्रेन वॉचिंग, शिन-ओसाका स्टेशन' असं लिहिलं होतं. कारण तिला डॉक्टर यलो बघायची आहे. ही एक पिवळीधमक शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन असते, प्रवाशांची नव्हे, रूळ आणि वरच्या विजेच्या तारा तपासत फिरणारी. ती कधी धावणार ते जाहीर करत नाहीत, दिसली तर नशीब फळफळतं असं तिकडची पोरं मानतात. दोन होत्या, त्यातली एक जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त झाली, दुसरीही काही वर्षांचीच सोबती. हे मला लेकीने सांगितलंय, जेवताना, झोपताना, मी दात घासत असताना. आता दिसेल की नाही देव जाणे, पण फलाटावर तासभर उभं राहायला ती तयार आहे आणि खरं सांगायचं तर मीही, कारण फलाटावर निदान कुणी कुठे पोचायची घाई करत नाही.

"ट्रेन वॉचिंग?" काकांचा आवाज आता पूर्ण हॉलला ऐकू जात होता. "प्लॅटफॉर्मवर उभं राहायला जपानला चाललात? अहो मग पुणे स्टेशन काय वाईट आहे? आणि रेल्वे म्युझियम तर आपल्या कोथरूडला आहे!"

कोथरूडचं आम्ही इतक्यांदा बघितलंय की मधला बोगदा कुठे येतो ते मलाही पाठ आहे. पण सांगणार कुणाला.

"आणि फुजी कुठाय?"

म्हटलं, फुजी नाही. टोकियोहून क्योटोला जाताना उजव्या बाजूच्या खिडकीतून दिसतो, तेवढा बघू, त्या बाजूच्या सीट घेणारे. हवा स्वच्छ असली तर दिसेल.

"खिडकीतून!" काका खुर्चीत वळले. "जपानला जायचं आणि फुजी खिडकीतून?" आणि खिशातून पेन निघालं. मी "काका, काका" म्हणेपर्यंत पाचव्या दिवसात फुजी घुसला, बाणासकट. "ओसाकाहून सकाळी निघायचं, वर जायचं, खाली यायचं, रात्री टोकियो. होतं."

मग मी विचारलं, कारण विचारायलाच हवं होतं, की तुम्हाला कसा दिसला फुजी?

काका जरा थांबले. "आम्ही गेलो तेव्हा ढग होते."

"म्हणजे दिसला नाही?"

"दिसला नाही असं नाही. गाईडने दाखवलं ना, कुठल्या बाजूला आहे ते."

३,७७६ मीटरचा डोंगर, चाळीस माणसं बसमधून उतरून एका पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून आली, आणि तो फोटो काकांच्या फोनमध्ये आहे, मला दाखवला, झूम करून दाखवला. मी आजवर इतक्या आत्मविश्वासाने दाखवलेलं काहीच-नाही बघितलेलं नाही. त्याच्यापुढचा फोटो उदोन नूडल्सचा होता. एका दुपारी इंडियन जेवणाची सोय होईना म्हणून ग्रुपने ते खाल्लं, व्हेज म्हणून, वरच्या सूपचं प्रचंड कौतुक झालं, काही बायकांनी तर रेसिपी विचारली. तेव्हा गाईडने सांगितलं की ते दाशी, वाळवलेल्या माशाच्या किसाचं पाणी. बसमध्ये शांतता पसरली म्हणे. "पण मी म्हटलं," काका माझ्या कानाशी आले, "परदेशात धरायचं नसतं." आम्ही मासे खातो त्यामुळे मला दाशीचं टेन्शन नाही, माझं टेन्शन वेगळंच आहे, लेक वरणभात सोडून काही खात नाही. आमची सगळी भिस्त तिकडच्या दुकानातल्या त्रिकोणी भाताच्या गोळ्यावर आहे, आणि तोही कोरा, आत काही न भरलेला.

टोकन लागलं. पान नाकारलं गेलं. मी फुजी काढून नवीन प्रिंट आणली, काका मागून म्हणाले, "आता टाइपच करून टाकायचा होता की." मी ऐकू न आल्यासारखं केलं.

इथवर विनोदी होतं. पुढचं नाही, मला तरी वाटलं नाही.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "फादर ट्रॅव्हल नाही करत?" नाही. "मग त्यांचं कन्सेंट लेटर?" दिलं. पहिल्यापासून फाईलमध्ये होतं, पासपोर्टच्या कॉपीसकट. तिने दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या आणि मान हलवली. मॅच नाही होत मॅडम. नवऱ्याला फोन केला तर त्याचं म्हणणं, "सहीच आहे ग, घाईत केलीये." नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. घरातल्या भांडणात आई किंवा बाप पोराला उचलून परदेशी गेल्याची प्रकरणं होतात, कागद मागितलाच पाहिजे. पण ती मुलगी मला, माझ्या पोटच्या पोरीसमोर, पुन्हा पुन्हा विचारत होती की मिस्टरांना माहितीये ना? नक्की माहितीये ना? तिकिटं, हॉटेलं, बँक स्टेटमेंट, सगळं माझ्या नावावर, शिन्कान्सेनमध्ये लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वरच्या बॅगेसाठी मागे सामानाची जागा असलेली सीट बुक करावी लागते हे मला माहीत, टोकियोच्या जिब्ली या ॲनिमेशनच्या संग्रहालयाची तिकिटं दर महिन्याच्या दहा तारखेला जपानच्या दहाला म्हणजे आपल्या साडेसहाला सुटतात म्हणून पहाटेचा गजर लावणारी मी, आणि अडलं कुठे, तर नवऱ्याच्या सहीतल्या एका शेपटीवर. गेल्या वर्षी हाच नवरा लेकीला घेऊन हंपीला गेला होता तेव्हा अख्खी सोसायटी म्हणाली, किती हौशी बाबा आहे. आमच्याबद्दल म्हणतात, दोघीच?

शेवटी तो आला, ऑफिसातून, रिक्षाने. शेपटीसकट सही केली, दोन मिनिटांचं काम. आणि काका उठले, आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला.

"मानलं तुम्हाला," म्हणाले. "एकटं सोडताय दोघींना. मोठं मन लागतं."

नवरा लाजला. म्हणजे खरोखर लाजला! आणि मग दोघं दाराशी उभं राहून बोलत बसले, मी पावती घेईपर्यंत. काका हवेत हाताने काहीतरी त्रिकोणी काढत होते.

परतताना रिक्षात नवरा म्हणाला, तो फुजीचा पॉइंट अगदीच वाईट नाहीये. मी काही बोलले नाही. मग सिग्नलला म्हणाला, तसं बघितलं तर नोव्हेंबरात मला चारेक दिवस निघतील. मी त्याला सांगितलं, ये की, स्वतःचा अर्ज स्वतः भर, दिवसवार शेड्यूल स्वतः टाइप कर, रांगेत बस, काका भेटले तर त्यांना पेन दे. खोलीचं काय ते लेकीला विचार, पलंग तिच्या नि माझ्या मापाचा बुक केलाय.

त्याने खरंच विचारलं.

"बाबा, तू कोथरूडला पण दहा मिनिटांत बाहेर जाऊन बसतोस," ती म्हणाली. "तू फुजीला जा."