‘सगळ्यालाच पाच मिनिटं लावा, विषय संपला’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

कुठल्या क्वेरीचा (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचा) निकाल कॅश करायचा, म्हणजे पुढच्या वेळी पटकन द्यायला साठवून ठेवायचा, आणि कुठल्या क्वेरीला अजिबात हात लावायचा नाही, यावर मी मागे लिहिलं होतं त्यावर एका वाचकांची मोठी प्रतिक्रिया आलीय. तिचा गाभा असा : "मायएसक्यूएलची क्वेरी कॅश कधीच गेली, तुम्ही अजून तिचे गोडवे गाताय. रेडिस लावा, सगळ्या सिलेक्टना सरसकट पाच मिनिटांचा टीटीएल द्या, विषय संपला. एकेक क्वेरी हाताने निवडत बसणं हे खरं ट्रॅफिक न पाहिलेल्या लोकांचे उद्योग." (मायएसक्यूएल हा डेटाबेस आणि क्वेरी कॅश ही त्याच्यातच असलेली निकाल साठवायची सोय, रेडिस हे मेमरीत साठवणारं वेगळं सॉफ्टवेअर, सिलेक्ट म्हणजे डेटा वाचणारी क्वेरी, आणि टीटीएल म्हणजे साठवलेलं किती वेळ टिकायचं ती मुदत.) पुढे ओआरएमवर (कोडमधून क्वेरी बनवून देणारं साधन), इंडेक्सवर आणि माझ्या शुद्धलेखनावर शेरे आहेत.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. क्वेरी कॅश मायएसक्यूएलच्या ५.७ आवृत्तीत काढली असं मी लिहिलं होतं, ते चूक. ५.७.२० मध्ये ती डेप्रिकेट झाली (पुढे काढणार असं जाहीर झालं) आणि प्रत्यक्षात काढली ८.० मध्ये, म्हणजे २०१८ ला. लेखात दुरुस्त केलंय, आभार. पण गोडवे कुठे गायले ते दाखवा ना. मी तर तिचं दुखणंच सांगितलं होतं, की टेबलात एक ओळ बदलली तरी त्या टेबलावरचे साठवलेले सगळे निकाल उडायचे, आणि सगळ्या थ्रेडना (एकाच वेळी चालणाऱ्या कामांना) एकाच कुलपापाशी रांग लावावी लागायची म्हणून जास्त कोरच्या मशीनवर कॅश उलट वेळ खायची. तिच्यातली मी एकच गोष्ट उचलली, डिमांड मोड. क्वेरी कॅशच्या सेटिंगमध्ये टाइप २ वर ठेवला की ज्या सिलेक्टमध्ये तुम्ही स्वतः एसक्यूएल-कॅश लिहाल तेवढीच साठवली जाणार, बाकी नाही. म्हणजे ठरवायचं काम क्वेरी लिहिणाऱ्याचं. ती सोय गेली तरी ते काम कुठे गेलं नाही, एवढंच म्हणणं होतं, आणि ते न वाचताच तुम्ही लिहायला बसलात असं मला वाटतं.

आता ते ‘खरं ट्रॅफिक’वालं वाक्य. मतभेद असू द्या, पण समोरच्याने काय पाहिलंय हे माहीत नसताना असं लिहू नये. पंधरा वर्षं हे काम करतोय, आणि तुमचा हाच सरसकट पाच मिनिटांचा उपाय मी एकदा स्वतःच्या हाताने लावलेला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मुंबई ते कोकण जाणाऱ्या खासगी बसची तिकिटं विकणारी एक साइट होती, नाव सांगत नाही. गणपतीचं बुकिंग उघडलं की डेटाबेस गुडघ्यावर यायचा. मी डेटाबेसच्या कोडमध्ये एका जागी बदल केला, क्वेरीचा मजकूर आणि त्यात जाणाऱ्या व्हॅल्यू मिळून एक की (साठवलेला निकाल शोधायची खूण), निकाल रेडिसमध्ये, टीटीएल ३०० सेकंद. सगळ्या सिलेक्टना. लोड पडला, सगळे खूश. संध्याकाळी सातला फोन सुरू झाले. एक बाई कणकवलीचं तिकीट काढत होत्या. स्क्रीनवर १४ नंबरची सीट मोकळी दिसतेय, निवडली, पैसे भरले, मेसेज आला की सीट शिल्लक नाही. त्यांना वाटलं नेट गेलं. परत उघडलं तर १४ नंबर मोकळीच, परत पैसे. तिसऱ्यांदाही तेच. तीन वेळा पैसे कापले, सीट एकही नाही, आणि फोनवर त्या रडकुंडीला आलेल्या, कारण घरी सगळ्यांना ‘तिकीट झालं’ सांगून बसलेल्या. तो फोन मी घेतला होता. सीट कधीच विकली गेली होती, पण नकाशा पाच मिनिटांपूर्वीचा, आणि खरी तपासणी व्हायची ती पेमेंटनंतर. ती तपासणी उशिरा होत होती ही वेगळी चूक, मान्य, पुढे आम्ही पेमेंटच्या आधीच ट्रान्झॅक्शनमध्ये सीट होल्ड करायला लागलो. पण माणसाला खोटी मोकळी सीट दाखवली ती माझ्या कॅशने.

त्या रात्री आम्ही दोघं जण क्वेऱ्यांची यादी काढून बसलो, तुम्ही ज्याला उद्योग म्हणता तोच केला. प्रत्येक क्वेरीपुढे एकच प्रश्न लिहिला, हे उत्तर शिळं निघालं तर कोणाचं नुकसान? थांब्यांची यादी, मार्ग, बसचे फोटो : कोणाचंच नाही, एक दिवस ठेवा. भाडं : दर बदलणाऱ्या कोडनेच ती की डिलीट करायची. गाड्यांच्या यादीतलं ‘शिल्लक सीट’ : १५ सेकंद, कारण तिथे माणूस नुसता अंदाज घेतो. सीटचा नकाशा आणि पैशाची कुठलीही क्वेरी : कॅशच नाही. आणि ऐका, कॅश एवढी कमी करूनही लोड फारसा वाढला नाही, कारण खरा मार थांबे आणि मार्ग यांच्या दोन मोठ्या जॉइनचा (अनेक टेबलं जोडणाऱ्या क्वेऱ्यांचा) होता. सीटच्या नकाशाची क्वेरी प्रायमरी कीवरची (हव्या त्या ओळी थेट शोधणारी), ती डेटाबेसला जाणवतही नव्हती. म्हणजे सरसकट कॅश लावून मी नेमकी जिथे गरज नव्हती तिथे शिळेपण आणून ठेवलं होतं.

बरं, शिळेपण हा निदान दिसणारा त्रास. सरसकट म्हटलं की ‘माझी बुकिंग’, ‘माझा पत्ता’ हेही आलं, आणि तिथे कीमध्ये युजर आयडी सुटला तर एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसतो. हे लहान दुकानातच होतं असं नाही. २०१५ च्या ख्रिसमसला स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर लॉगिन केलेल्या लोकांची पानं चुकून कॅश झाली आणि लोकांना दुसऱ्यांच्या खात्याची माहिती दिसली. तिथे क्वेरी नव्हे तर अख्खी पानं कॅश होत होती, पण चूक तीच, कशाला हात लावायचा नाही ते ठरवणारी ओळ चुकली. आणि सगळ्या कीजना एकच टीटीएल दिला की डिप्लॉयनंतर (नवा कोड सर्व्हरवर चढवल्यावर) एकदम भरलेल्या कीज एकदमच संपतात, मग शंभर रिक्वेस्ट तीच जड क्वेरी घेऊन एकाच क्षणी डेटाबेसवर. फेसबुकने मेमकॅशवरच्या (रेडिससारखंच कॅशचं सॉफ्टवेअर) २०१३ च्या पेपरात लीजची युक्ती सांगितलीय ती अशाच गर्दीसाठी, एकालाच क्वेरी करू द्यायची, बाकीच्यांनी थोडं थांबायचं. खरं ट्रॅफिक त्यांनीही थोडंफार पाहिलं असावं असं मी धरून चालतो.

ओआरएम आणि इंडेक्सचे मुद्दे या लेखाचे नाहीतच, त्यात पडत नाही. शुद्धलेखनाचं म्हणाल तर मी बोलतो तसं लिहितो, तसंच लिहीन.

तुमच्याकडे बातम्यांची साइट असेल आणि पाच मिनिटं चालत असतील तर खुशाल ठेवा, माझं काहीच म्हणणं नाही. पण परत लिहाल तेव्हा एवढं सांगा, तुमच्या सिस्टीममध्ये स्टॉक, बॅलन्स किंवा ओटीपीची एखादी क्वेरी आहे का आणि तिला काय लावलंय. त्यावर मी नक्की बोलेन. मी काय पाहिलंय आणि काय नाही, यावर यापुढे बोलणार नाही.