जंतूच फोडून टाकत असतील, तर ग्रीन टी प्यायचाच कशाला?

नमस्कार सर,

निपाणीहून लिहिलेली तुमची प्रतिक्रिया लांब आहे, पण मुद्दे तीन दिसतात. आतड्यातले जंतू ग्रीन टीतली कॅटेचिन (चहाच्या पानातले गुणकारी मानले जाणारे तुरट पदार्थ) फोडतात म्हणजे चांगला भाग वायाच गेला की. परड्यातला गवती चहा उकळून पितो, त्याचंही तसंच का. आणि मग सरळ ग्रीन टीच्या अर्काची कॅप्सूल घेतलेली काय वाईट?

'फोडणं' म्हणजे 'संपवणं' असं तुम्ही धरलंत, घोळ तिथं आहे. ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन म्हणजे ईजीसीजी. ते जसंच्या तसं रक्तात फार थोडं पोचतं, आणि तेही दीड-दोन तासांत शिगेला जाऊन उतरू लागतं. बराचसा भाग लहान आतड्यात न शोषता मोठ्या आतड्यात जातो. जंतूंनी हात लावला नाही, तर वाया जाणार तो हा भाग.

जंतू आधी ईजीसीजीला चिकटलेलं गॅलिक आम्ल सुटं करतात. मागं उरतं ते ईजीसी. गॅलिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून पायरोगॅलॉल होतं. यानंतरची पायरी अवघड: ईजीसीच्या मधल्या कड्यात ऑक्सिजनचा सांधा असतो, तो तोडायचा. एगर्थेला लेंटा, अ‍ॅडलरक्रॉयट्झिया अशा मोजक्याच जंतूंना ते जमतं. (हाच एगर्थेला लेंटा काही जणांच्या पोटात डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध निकामी करतो, तेव्हा त्याला सरसकट 'चांगला जंतू' म्हणायला मी तयार नाही.) कडं उघडलं की फ्लेव्होनिफ्रॅक्टर प्लॉटी पुढचं काम करतो आणि फिनाइल व्हॅलेरोलॅक्टोन नावाचे छोटे तुकडे तयार होतात. ते रक्तात शोषले जातात आणि बरेच तासांनी, सकाळच्या चहाचे संध्याकाळ-रात्रीकडं, लघवीत सर्वाधिक दिसतात.

हे जंतूंचंच काम कशावरून? मोठं आतडं काढून लहान आतड्याचं तोंड पोटावर आणलेल्या लोकांना ग्रीन टी देऊन तपासलेलं आहे. त्यांच्या लघवीत व्हॅलेरोलॅक्टोन जवळपास सापडतच नाहीत.

पण हे जंतू सगळ्यांच्या पोटात सारखे नसतात. एकाच किटलीतला चहा प्यायलेल्या दोघांत हे पदार्थ कितीतरी पट कमीजास्त निघतात. त्यामुळं 'रोज दोन कप प्या, अमुक आजार टळेल' असं छातीठोक सांगणाऱ्यांवर तुमचा जो संशय आहे, तो रास्तच. दही खाऊन हे जंतू वाढतील असंही नाही. दह्यातले जंतू वेगळे.

गवती चहा हे गवत. त्याचा वास सिट्राल या सुगंधी द्रव्याचा, आणि चहाची कॅटेचिन त्यात नाहीतच. खुशाल प्या, पण वरचा हिशेब त्याला लावू नका. दुधाच्या चहाची पूड ग्रीन टीच्याच झाडाची, मात्र ती काळी होताना बहुतेक कॅटेचिनचं रूप बदललेलं असतं.

करायची रीत: 200 मिली पाणी उकळा, गॅस बंद करून झाकण न ठेवता चार-पाच मिनिटं थांबा. 80 अंशांच्या आसपास आलं की 2 ग्रॅम पत्ती टाका, दोन-तीन मिनिटांत गाळा. पत्तीसकट खळाखळा उकळलात तर कडू होणारच. चिकोडी-अथणीकडं ज्यांच्या घरी बोअरचं जड पाणी आहे, त्यांच्या कपात रंग तपकिरी होऊन वर पातळ साय धरते. पाण्यातला कॅल्शियम आणि बायकार्बोनेट याला कारण. क्षारीय पाण्यात कॅटेचिन टिकत नाहीत, म्हणून आरओ फिल्टरचं पाणी घ्या, आणि रंग यावा म्हणून चिमूटभर सोडा तर मुळीच नको. घरात कुणाचं हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवण किंवा लोहाची गोळी आणि हा चहा यांत तासाभराचं तरी अंतर ठेवा. भाजी-भाकरीतलं लोह कॅटेचिन धरून ठेवतं.

आता कॅप्सूल. वरच्या मापाच्या एका कपात ईजीसीजी साधारण 50 ते 100 मिलिग्रॅम येतं. कॅप्सूलमध्ये त्याचा अर्क दाबून भरलेला असतो. दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी पूरक गोळ्यांतून घेणाऱ्यांत रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढलेली (म्हणजे यकृताला इजा होत असल्याची खूण) आढळतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2018 मध्ये नोंदवलं. उपाशीपोटी घेतली तर रक्तात आणखी जास्त चढतं, आणि अनेकजण सकाळी उठल्याउठल्या तीच घेतात. एका कॅप्सूलमध्ये ईजीसीजी किती मिलिग्रॅम हे डबीवर छापलेलं नसेल, तर ती दुकानातच राहू द्या.