टीबीचा जंतू पेशीने गिळला म्हणजे मेला असं नाहीये!

सिडको, पंचवटी, नाशिकरोड, जिकडेतिकडे ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की पांढऱ्या पेशी टीबीचा जंतू गिळतात, गिळला की तो संपला, म्हणून खोकला थांबला की गोळ्या बंद करा आणि काढ्याने इम्युनिटी वाढवा. हे वाचून कोणी खरंच गोळ्या सोडल्या तर जिवावर बेतेल, म्हणून लिहितोय.

"गिळला की संपला" हे बऱ्याच जंतूंचं खरं आहे, पण टीबीच्या जंतूला पेशीच्या आतच जायचं असतं! त्याच्या अंगावर लायपोअरॅबिनोमॅनन नावाचा रेणू असतो, त्याच्या टोकाला मॅनोज ही साखर, आणि फुफ्फुसातल्या मॅक्रोफेज पेशींवर (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) नेमकी हीच साखर पकडणारे रिसेप्टर, म्हणजे पकडीसारखे रेणू, असतात, मग जंतू तिथे चिकटतो आणि पेशी स्वतःच त्याला आत ओढते. आत गेल्यावर ज्या पिशवीत तो असतो ती लायसोसोमला (पेशीतली पाचक रसांची पिशवी) जुळून जंतू पचायला हवा, पण जंतू ते जुळणंच अडवतो आणि तिथेच वाढत बसतो. चोराने पोलीस चौकीत शिरून आतून कडी लावावी तसं आहे हे.

त्या मेसेजमध्ये पुढे म्हटलंय की जंतू नुसता तरंगतो, त्याला चिकटायला काही नसतं. साफ चूक. टीबीचा जंतू कसा चिकटतो ते वर आलंच, आता लघवीच्या इन्फेक्शनमधला ई. कोलाय हा जंतू बघा, त्याच्या अंगावर बारीक तंतू असतात, तंतूच्या टोकाला फिमएच नावाचं प्रोटीन, तेही मॅनोजच शोधतं आणि मूत्राशयाच्या पेशींना धरतं, शिवाय मास्ट पेशी (याही संरक्षण करणाऱ्या पेशी) आणि मॅक्रोफेजवरच्या सीडी४८ नावाच्या रिसेप्टरलाही. उंदरांच्या मॅक्रोफेजमध्ये तर दिसलंय की या वाटेने आत गेलेले जंतू जिवंत राहतात.

इम्युनिटी महत्त्वाची आहेच, शुगर किंवा एचआयव्ही असेल तर टीबीचा धोका वाढतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झारखंडच्या अभ्यासात पेशंटच्या घरच्यांना पौष्टिक आहार दिला तर त्यांच्यात टीबी कमी झाला, पण पेशंटच्या गोळ्या चालूच होत्या ना!

आणि खोकला काही आठवड्यांतच कमी होतो, पण हळू वाढणारे जंतू तेव्हाही शिल्लक असतात, म्हणून साध्या टीबीला पहिले २ महिने ४ औषधं आणि पुढचे ४ महिने ३. मध्येच सोडलं तर आजार उलटतो, औषधाला दाद न देणारे जंतूही तयार होऊ शकतात. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, मळमळ होत असेल तर डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद करू नका. आणि ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी प्लीज त्याच ग्रुपवर हेही टाका.