शिकारी मासे, रीफ टाकी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे सहा सल्ले

‘कोकणात राहता आणि घरात समुद्र नाही?’ अशी सुरुवात असलेला एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. त्यात सहा सल्ले आहेत. शिकारी मासे प्रवाळ खात नाहीत, तेव्हा रीफ टाकीत (जिवंत प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) बिनधास्त ठेवा. सगळे एकाच आकाराचे घ्या आणि पोट भरलेलं ठेवा, कोणी कोणाला खाणार नाही. खायला जिवंत गप्पी-गोल्डफिश किंवा बाजारातली मासळी घाला. पाणी आणि दगड किनाऱ्यावरून फुकट आणा. मासा टाकीच्या मापानेच वाढतो. आणि तरीही मोठा झालाच तर समुद्र शेजारी आहे, सोडून द्या. खाली लायनफिश, क्लाउन ट्रिगर आणि ठिपकेवाला ग्रुपर एकाच टाकीत पोहतायत असा फोटो.

खाऱ्या पाण्याच्या टाक्या लावून देण्याचं काम मी करतो, त्यामुळे हा मेसेज दाखवून ‘असं करून द्या’ म्हणणारे बरेच भेटतात. फोटो खोटा असेलच असं नाही. सगळी पिल्लं असताना पहिले काही आठवडे टाकी अशी दिसू शकते.

पहिला सल्ला अर्धा खरा आहे, आणि घोळ तिथेच होतो. लायनफिश, ग्रुपर, मोरे ईल यांना प्रवाळात खाण्यासारखं काही नसतं, हे बरोबर. पण रीफ टाकी म्हणजे नुसते प्रवाळ नव्हेत. दगडावरचं शेवाळ खरवडणारे शंख, कोपऱ्यातलं उष्टं संपवणारे हर्मिट खेकडे, माशांच्या अंगावरचे परजीवी टिपणारी लाल-पांढरी क्लीनर कोळंबी, ही मंडळी टाकी चालवत असतात. लायनफिशच्या लेखी ती कोळंबी म्हणजे रात्रीचं जेवण. स्नोफ्लेक मोरे गरीब स्वभावाचा म्हणून विकला जातो. माशांच्या बाबतीत तो बराचसा तसा असतोही, कारण त्याचे दात बोथट, कवच फोडायच्या कामाचे. म्हणजे तुमचे खेकडे आणि कोळंब्या त्याच्या वाट्याच्या. (मोरे ईलच्या घशात आणखी एक जबडा असतो, तो पुढे सरकून घास आत खेचतो. ही गंमत शास्त्रज्ञांनी उलगडली ती २००७ साली.) सफाईवाले संपले की शेवाळ माजतं, प्रवाळांवर चढतं आणि त्यांना गुदमरवतं. माशाने प्रवाळाला तोंड लावलेलं नसतं, तरी प्रवाळ मेलेला असतो.

फोटोतला क्लाउन ट्रिगर तर या अर्ध्या सत्यातही बसत नाही. तो दगड उलथतो, शंख फोडतो, शिंपले कुरतडतो आणि प्रवाळाचाही लचका तोडून बघतो. केंड (पफर) माशाचं तेच. त्याचे दात चोचीसारखे जुळलेले आणि आयुष्यभर वाढणारे. ते झिजवायला काहीतरी टणक चावावंच लागतं.

दुसरं नुकसान पाण्यातून होतं आणि ते दिसत नाही. शिकारी मासा मांस खातो आणि त्या मानाने घाणही करतो. त्या घाणीतून अमोनिया, मग जिवाणूंच्या कामाने अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट, जोडीला फॉस्फेट. अ‍ॅक्रोपोरासारख्या नाजूक दगडी प्रवाळांना नायट्रेट लिटरमागे पाच-दहा मिलिग्रॅमच्या आत लागतं. मांसाहारी माशांच्या टाकीत ते तिथे रोखायचं तर मोठा स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र), खाली ऐसपैस सम्प (पाणी गाळण्याची जोडटाकी) आणि पाणी बदलण्यात अजिबात हयगय नाही, एवढं सगळं हवं. लेदर, मश्रूम, झोअँथिड हे मऊ प्रवाळ मात्र जरा जास्त नायट्रेट सोसतात. शिकाऱ्यांसोबत रीफ करायचीच असेल तर मी याच तिघांवर थांबायला सांगतो.

आजारपणाची अडचण वेगळीच. खाऱ्या पाण्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध लागू पडतं, पण तेच तांबं प्रवाळ, शंख आणि कोळंब्यांना विष. रीफ टाकीत ते टाकताच येत नाही. म्हणून नवा मासा आधी चार-सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचा असतो. मेसेजमध्ये या दुसऱ्या टाकीचं नावही नाही.

आता एकाच आकाराचे मासे. इथे लांबी मोजून काही कळत नाही, तोंड बघायचं असतं. मच्छी बाजारात हेकरूचं किंवा गोबऱ्याचं (दोन्ही ग्रुपरच) तोंड उघडून पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. ग्रुपर तोंड उघडतो तेव्हा आत एकदम पोकळी होते, पाणी खेचलं जातं आणि भक्ष्यही त्याच्यासोबत आत जातं. चावाचावी नाहीच, अख्खा गिळायचा. फ्रॉगफिश तर जवळपास स्वतःएवढा मासा गिळू शकतो. लायनफिश पंखांचा पिसारा पसरून माशाला कोपऱ्यात कोंडतो आणि मग झडप घालतो. त्याच्या निम्म्या लांबीचा सडपातळ क्रोमिस सहज आत जातो. ‘दादा, रात्री पाच होते, सकाळी तीनच दिसतायत, उरलेले दगडात लपले असतील ना?’ असा फोन आला की काय उत्तर द्यायचं हे ठरलेलं आहे.

पोट भरलेलं असलं की शिकार करत नाहीत, हेही तसंच. जेवलेलं मांजर समोरून पळणारा उंदीर सोडत नाही. हे मासे हालचालीवर झडप घालतात, कारण समुद्रात पुढचा घास कधी मिळेल याचा भरवसा नसतो. रोज ठासून खाऊ घातलं तर लायनफिश लठ्ठ होतो, यकृतात चरबी साठते. मोठ्या लायनफिशला आठवड्यातून दोन-तीनदा खाणं पुरतं. आणि गिळण्याइतका फरक नसला तरी त्रास द्यायचा राहत नाही. ट्रिगर आणि केंड लायनफिशचे लांब पर कुरतडतात. तो बिचारा एका जागी तरंगणारा प्राणी, पळून जाणं त्याच्या स्वभावात नाही.

जमतं ते कसं, तेही सांगतो. ५ बाय २ बाय २ फुटांची टाकी धरा, काठोकाठ भरली तर साधारण साडेपाचशे लिटर. दगड आणि वाळू घातल्यावर पाणी त्याहून कमी. त्यात मोठा व्होलिटान्स लायनफिश नको. फझी ड्वार्फ घ्या, तो १५-१७ सेंटिमीटरवर थांबतो. सोबत एक स्नोफ्लेक मोरे. एक फॉक्सफेस, तो शेवाळ खातो आणि त्याच्याही काट्यांत विष असल्याने त्याच्या वाटेला सहसा कोणी जात नाही (झोअँथिडचा एखादा घास घेईल, तेवढं सोसायचं). ट्रिगर हवाच असेल तर ब्लूथ्रोट, हा पाण्यात तरंगणारे बारीक जीव टिपून खाणारा, ट्रिगरांमधला सज्जन. सोडायचा क्रम चुकवू नका: लाजाळू लायनफिश आधी, ट्रिगर सगळ्यात शेवटी. ट्रिगर आधी गेला तर तो अख्खी टाकी आपली समजून बसतो आणि नंतर येणाऱ्याला सुखाने राहू देत नाही. क्लाउनफिश, क्रोमिस, क्लीनर कोळंबी या टाकीत नाहीत. प्रवाळांचे तुकडे दगडाला गोंदाने पक्के चिकटवा, कारण मोरे दगडांतून घुसताना सगळं पाडत जातो. आणि झाकण घट्ट हवं. बोटभर फट मिळाली तरी तो बाहेर पडतो आणि सकाळी फरशीवर सापडतो.

काट्यांबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. लायनफिशच्या पाठीवर साधारण १३ विषारी काटे असतात, खालच्या परांतही काही असतात. टाकीत हात घालून दगड हलवताना तो मागून हातावर आला तर काय होतं, हे शेंगाळ्याचा काटा लागलेल्या खलाशाला विचारा. उपायही तोच: सोसवेल इतक्या गरम, ४५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवायचा, आणि डॉक्टरकडे जायचं. घरात लहान मुलं असतील तर झाकणाला कडी लावा.

खाण्याच्या सल्ल्यात गप्पी आणि गोल्डफिश ही चूक आहेच. ते गोड्या पाण्यातले. समुद्री शिकाऱ्यांना लागणारी ओमेगा-३ स्निग्धाम्लं त्यांच्यात फार कमी. शिवाय गोल्डफिशमध्ये थायमिनेज नावाचं विकर असतं, ते ब१ जीवनसत्त्व नष्ट करतं. काही महिने मासा आनंदाने खातो, मग खाणं सोडतो, मग तोल जाऊन पोहायला लागतो. बाजारातली मासळी त्यापेक्षा पुष्कळ बरी. फक्त तारली-पेडव्यांच्या कुळातही थायमिनेज आढळतं आणि गोठवल्याने ते जात नाही, म्हणून स्वस्त आहेत म्हणून रोज पेडवेच, असं नको. करंदी, माकूल, मधूनच पांढऱ्या मांसाच्या माशाचे तुकडे असं आलटून पालटून द्या, वर जीवनसत्त्वाचे थेंब. नवा लायनफिश निर्जीव घासाकडे ढुंकून बघत नाही. सुरुवातीला खाडीतली जिवंत करंदी, मग मेलेली करंदी काठीच्या टोकाला लावून तोंडासमोर नाचवायची. चिकाटी लागते, पण शिकतो.

फुकट पाणी आणि फुकट दगड हा सल्ला कोकणातल्या माणसाला लगेच पटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. समुद्राचं पाणी टाकीला चालतं. प्रश्न कुठलं आणि कधीचं हा आहे. रीफ टाकीला क्षारता हजारी ३५ च्या आसपास लागते, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६. रत्नागिरीला भाट्याशी काजळी समुद्राला मिळते, देवबागला कर्ली. भर पावसात त्यांच्या मुखाशी बादली भरली तर पाणी मचूळ आणि गढूळ येतं. बंदरात भरली तर डिझेलचा तवंग आणि मासळी धुतलेलं पाणी. हिवाळ्यात, नदीमुखापासून लांब, भरतीला होडीतून आणलेलं पाणी गाळून, अंधारात काही दिवस मुरवून वापरता येतं. पण मग जून ते सप्टेंबर पाणी कशाने बदलणार? आणि हीच ती टाकी, जिला पाणी बदलणं सगळ्यात जास्त लागतं. म्हणून दारात समुद्र असूनही मी आरओचं पाणी आणि पिशवीतलं समुद्री मीठ वापरतो. लोक हसतात, हसू देत.

पाण्याचं तापमानही किनाऱ्याच्या हवेवर सोडून चालत नाही. रीफला २५ ते २७ अंश लागतात, एप्रिल-मेमध्ये आपल्या घरात दुपारी ३२-३३ सहज असतात. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि दांडगे मासे तो भराभर संपवतात, म्हणून चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र लागतं. चिलरला वीज लागते, आणि इथे गाडी अडते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आणि मे २०२१ च्या तौक्तेनंतर कोकणातली कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. इन्व्हर्टरवर निदान पाणी फिरवणारा पंप आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप, एवढं नसेल तर ही टाकी लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दगडांचं तर थेट कायद्याचं प्रकरण आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. पण मनाई त्याच्या हद्दीपुरती नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्रपंखे आहेत. वाघ ज्या अनुसूचीत, त्याच. त्यातल्या गुन्ह्याला किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद आहे. ओहोटीला खडपातून लाइव्ह रॉक (जिवाणू आणि बारीक जीव वसलेला दगड) म्हणून फोडलेल्या दगडावर प्रवाळाची एखादी वसाहत असली तर ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही. कोरडा किंवा कृत्रिम दगड घ्या, जिवाणूंची बाटली टाका आणि चार-सहा आठवडे टाकी रिकामी चालवा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय मासा नाही.

मासा टाकीच्या मापाने वाढतो, यावर फार बोलायला नको. फोटोतला ठिपकेवाला म्हणजे पँथर ग्रुपर. दुकानात बोटाएवढा, पुढे ७० सेंटिमीटरपर्यंत. क्लाउन ट्रिगर ५०, व्होलिटान्स ३५-४०. छोट्या टाकीत यांची वाढ अडली तर ती घाणेरड्या पाण्याने आणि ताणाने अडते, आणि असा मासा लवकर मरतो.

राहिला समुद्रात सोडण्याचा सल्ला. फ्लोरिडाजवळ अटलांटिकमध्ये १९८५ साली पहिला लायनफिश नोंदला गेला. तो मूळचा तिथला नव्हे, हौशी लोकांच्या टाक्यांतून सुटला किंवा सोडला गेला असंच मानलं जातं. आज तो कॅरिबियनभर आहे आणि तिथल्या रीफवरचे लहान मासे फस्त करतोय. ‘पण आपल्याकडे तर लायनफिश मूळचाच आहे,’ असं कोणी म्हणेल. हिंदी महासागरातला मूळ लायनफिश माइल्स, दुकानात व्होलिटान्स म्हणून मिळतो तो प्रशांत महासागराकडचा. शिवाय टाकीत चार देशांचे मासे एकत्र राहिलेले असतात, त्यांचे परजीवी आणि रोगही सोबत जातात. तेव्हा विकत घेण्याआधीच दुकानदाराला विचारा, हा फूटभर झाला की परत घेणार का. नाही म्हणाला, तर फझी ड्वार्फ मागवायला सांगा.