आधी नाव, मग निकष

मेक्सिकोच्या सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्ध्यांची क्रमवारी लावायला बसलेल्या माणसाच्या मनात पहिले नाव आधीच पक्के असते, निकष तो मागाहून शोधतो, आणि या लबाडीचा मला आता मनस्वी वीट आला आहे. हुलिओ सेसार चावेझला अव्वल ठरवायचे असले की त्याची वर्षानुवर्षांची अपराजित घोडदौड पुढे केली जाते. मग 51 विजय आणि एक बरोबरी घेऊन अपराजितच निवृत्त झालेल्या रिकार्डो लोपेझचे काय, असे विचारावे तर उत्तर मिळते, ‘तो सर्वांत हलक्या वजनगटातला!’ म्हणजे 105 पौंडांच्या माणसाचे ठोसे मोजायचेच नाहीत काय?

साल्वादोर सांचेझ 1982 मध्ये अवघ्या 23व्या वर्षी मोटार अपघातात गेला, म्हणून त्याची कारकीर्द अपुरी. चावेझची लांबली, तर उतारवयातले पराभव धरायचे नाहीत! 1990 मध्ये गुणांत मागे असलेल्या चावेझने मेल्ड्रिक टेलरला शेवटच्या फेरीत खाली पाडले आणि पंचांनी अवघे दोन सेकंद उरलेले असताना लढत थांबवली, हे कौतुक रंगवून सांगायचे. 1993 मध्ये पर्नेल व्हिटकरने त्याला अक्षरशः हवेत ठोसे मारायला लावले आणि तरीही निकाल बरोबरीचा लागला, हे मात्र सोयीने गिळायचे.

मिगेल कांतोने फ्लायवेट या हलक्या वजनगटाचे विजेतेपद तब्बल 14 वेळा राखले. पण तो प्रतिस्पर्ध्याला रक्तबंबाळ करण्यापेक्षा ठोसे चुकवण्यात तरबेज होता ना! मग त्याला कोण विचारतो?