आईची साडी आणि १८० रुपयांचं कुरिअर

परवा राजवाड्यापाशी कट्ट्यावर चहा दोनदा गार झाला, आणि त्याला कारण माझ्या आईची साडी.

आईने मोबाइलवरून १,४५० रुपयांची साडी मागवली होती. फोटोत गर्द जांभळी, खाली ‘शुद्ध सुती’ असं लिहिलेलं. घरी आली ती फिकी, आणि हाताला सुळसुळीत. आईने पदराच्या दशांतला एक धागा काढून काडी लावली. सुताची राख होते. इथे टोकाला काळा, टणक मणी झाला. परत करायला गेलो तर ॲपवर उत्तर आलं: तुमच्या पिनकोडला पिकअप नाही, स्वतः कुरिअर करा, खर्च तुमचा. कुरिअरवाल्याने वजन करून १८० रुपये सांगितले. आई म्हणाली, “जाऊ दे, नेसेन घरात.” हे ‘जाऊ दे’ माझ्या डोक्यात गेलं होतं.

बापूचं मोती चौकाजवळ कापडाचं दुकान. त्याने मलाच धरलं. “माझ्याकडे आली असती तर हात लावून, उजेडात नेऊन घेतली असती. फोटो बघून कापड घेता आणि मग रडता. वर धागा काढलास. माल वापरला असं विक्रेता म्हणणारच.”

पिंट्या दोन वर्षं पार्सलं वाटतोय. तो म्हणाला, “लोकपण कमी नाहीत बापू. लग्नात घालून झालेला ड्रेस परत देतात, अत्तराचा वास तसाच. पिकअपला टॅग, रंग, साइज मीच जुळवायचं. चुकलं तर हिशेब माझ्याकडे मागतात.”

त्याचं खोटं नाही. पण म्हणून आईची साडी सुती होत नाही.

तेवढ्यात वकीलकाका आले. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, “वहिनींना साडी आवडली नाही, की सांगितली तशी निघाली नाही?”

“सांगितली तशी नाही.”

“मग ‘आवड-नावड’ हा शब्द तक्रारीत कुठेही लिहू नकोस.”

इथून खरी जुंपली. मला वाटत होतं, ऑनलाइन घेतलं की सात-दहा दिवसांत परत करायचा हक्क कायद्यानेच दिलाय. काका म्हणाले, नाही. नुसतं मन बदललं म्हणून परत करायचा सरसकट हक्क आपल्याकडे नाही. ते सात दिवस ही त्या त्या विक्रेत्याची पॉलिसी. माझा मावसभाऊ जर्मनीत असतो. तिथे ऑनलाइन खरेदीला कारण न सांगता १४ दिवसांत माघार घेता येते. तरी परत पाठवायचा खर्च, दुकानाने आधी सांगितलं असेल, तर ग्राहकावरच येतो. बापूला हे फार आवडलं. “बघ, तिकडेही फुकट नाही.”

“पण वस्तू सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितली तशी नसेल, किंवा सांगितलेल्या तारखेनंतर आली असेल,” काका म्हणाले, “तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याला परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. आणि परत पाठवायला खर्च येणार असेल तर तो खरेदीच्या आधी, स्पष्ट दिसेल असा सांगायला हवा. तुला सांगितला होता?”

मी तिथेच फोन काढला. वस्तूच्या पानावर ‘सोपी परतफेड’ एवढंच मोठ्या अक्षरात. खर्चाचं एक अक्षर नाही.

बापू तरी हटेना. “मग माझ्या दुकानातली ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी?”

“सदोष मालाला ती पाटी लागू नाही रे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात असा नकार ही अनुचित व्यापारी प्रथाच आहे. बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस धरतात.” बापू गप्प झाला, आणि मला वाटतं दुकानात जाऊन तो पाटीकडे एकदा बघणार.

मला राग येतो तो रकमेचा. १८० रुपयांसाठी कोण भांडणार, हे धरूनच ही व्यवस्था चालते. माझ्या आईसारख्या बायका घरखर्चातून चार महिने बाजूला टाकून एक साडी घेतात आणि ‘जाऊ दे’ म्हणतात. ज्याचं त्याला परत मागायला लाज कसली?

करायचं काय, ते काकांनी बसल्या बसल्या सांगितलं. ॲपवरच तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता असायला हवा. त्याला लेखी कळवायचं. त्याने ४८ तासांत पोच द्यायची, महिन्यात निपटारा करायचा. नाही केला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. तो आपण राहतो त्या जिल्ह्याचा चालतो, विक्रेता सुरतेचा असो की दिल्लीचा, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पिंट्याने मधेच बजावलं, “कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नको. माझ्या गल्लीत एकाचं खातं रिकामं झालं तसंच. नंबर ॲपमधलाच.”

रात्री आईला शेजारी बसवून मेल लिहिला. वस्तूच्या पानाचा स्क्रीनशॉट, साडीचा दिवसाच्या उजेडातला फोटो, कुरिअरची चिठ्ठी. जळलेल्या धाग्याचा मणी आईने चिमटीत धरला आणि म्हणाली, “ह्याचाही फोटो घाल.” घातला. दुसऱ्या दिवशी दुपारी तक्रार क्रमांक आला. आईने तो कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी पेनाने लिहून ठेवलाय, आणि त्याच्यापुढे तीस दिवस मोजून एका तारखेला गोल केलाय.